माडशीला नेलेलं विरजण

श्री. गजाननराव यरनाळकर यांची आणि माझी पहिली भेट बसवनगुडीतल्या भर रस्त्यात, एका उघड्या मॅनहोलच्या काठावर झाली. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करायची नसते हे मला ठाऊक आहे. 'पहिल्या परिचयापासून लिहा' असं संपादकांनी कळवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एखादं व्याख्यान, निदान एखादं हळदीकुंकू तरी असणार. पण आता घडलं ते घडलं!

पुण्याहून बंगळुरूला येऊन मला थोडेच महिने झाले होते. नवऱ्याच्या नोकरीपायी आले होते, माझी नोकरी मागे सुटली होती आणि घराबाहेर मराठी कानावर पडणं जवळजवळ बंद झालं होतं. अशात एका सकाळी माझी रिक्षा अडली. पुढे रस्त्याच्या मधोमध गटाराचं झाकण काढून ठेवलेलं, भोवती लाल फीत, आणि पांढराशुभ्र इस्त्रीचा सदरा घातलेले एक वयस्क गृहस्थ गुडघे टेकून बॅटरीच्या उजेडात आत पाहत होते. मागे हॉर्नचा नुसता गदारोळ चालला होता. रिक्षावाला ओरडला तसे ते मान वर न करताच "स्वल्प इरी, स्वल्प इरी" म्हणाले, जरा थांबा म्हणून. आणि मग स्वतःशीच, पण चांगल्या खणखणीत आवाजात उद्गारले, "आहाहा! काय सुरेख वाहतंय बघा की!"

मी रिक्षातून उतरलेच. मराठी ऐकून उतरले, की ते एवढं सुरेख काय वाहतंय हे पाहायला उतरले, ते आजही सांगता येणार नाही. मी मराठीत बोलल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला. मी सिव्हिल इंजिनियर आहे आणि सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचं शिकले आहे, हे कळल्यावर तर विचारूच नका. "असं होय? मग लांब का उभ्या? या की, वाका जरा!" मी पर्स सांभाळत वाकले. ते पाण्याकडे बोट दाखवून उतार, वेग आणि गाळ यांच्याविषयी इतक्या आनंदाने बोलू लागले, की माझ्या रिक्षावाल्यानेही खाली उतरून आत डोकावून पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या कार्यालयात कामाला होते.

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी बसवनगुडीतच एक छोटं सल्लागार कार्यालय काढलं. बालपण निपाणीजवळच्या खेड्यात, शिक्षण बेळगावात आणि आयुष्यभराचा संसार बंगळुरूत, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी कधी येऊन बसते ते त्यांनाच कळत नाही. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, त्यांच्या पत्नींना अक्का. या लेखात मीही अण्णाच म्हणणार आहे, कारण 'यरनाळकर सर' असं लिहायला घेतलं की माझा हात अडतो.

अण्णांच्या कार्यालयात 'घाण पाणी' हा शब्द चालत नाही. 'वापरलेलं पाणी' म्हणायचं. "घाण काय त्यात? सकाळी तूच वापरलंस की!" असं ते नव्या माणसाला हमखास ऐकवतात. त्यांच्या टेबलावर फिल्टर कॉफीचा पेला आणि शुद्धीकरणाच्या टाकीतल्या गाळाची काचेची बाटली शेजारीशेजारी असतात. भेटायला आलेले अधिकारी कॉफी घेताना आधी दोनदा रंग तपासतात. अक्कांनी या बाटलीवरून किती वेळा डोकं धरलं असेल, पण बाटली काही हललेली नाही.

माणसांच्या बाबतीत मात्र अण्णांची एक गोष्ट दगडावरची रेघ आहे. त्यांच्या कामावर कोणीही माणूस मॅनहोलमध्ये उतरायचा नाही. जे. पी. नगरच्या बाजूला एका कामावर पाइप तुंबला, यंत्र यायला उशीर होता आणि ठेकेदाराने घाईने एका माणसाला दोर बांधायला सुरुवात केली. अण्णांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी झाकण पुन्हा जागेवर बसवायला लावलं, त्यावर वर्तमानपत्र अंथरलं आणि त्या पांढऱ्या सदऱ्यासकट वर मांडी घालून बसले. ठेकेदार गयावया करू लागला तेव्हा म्हणाले, "यंत्र येईपर्यंत मी इथंच पेपर वाचतो. तुम्ही पण बसा." यंत्र येईपर्यंत ते खरोखर तिथेच बसले होते आणि अर्धा रस्ता त्यांना पाहून चालला होता. त्या ठेकेदाराने पुन्हा कधी दोर काढला नाही.

त्यांच्या मायेविषयीही लिहायला हवं. माझ्या आईचं पुण्यात तातडीचं ऑपरेशन ठरलं त्या दिवशी आमचं एक मोठं सादरीकरण होतं. अण्णांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर पुढे ढकललं, मला टॅक्सीत बसवलं आणि स्वतःही शेजारी येऊन बसले. विमानतळ म्हणजे देवनहळ्ळी, शहराचं पार दुसरं टोक. त्या सगळ्या वाटेवर त्यांनी धीराचा एक शब्द काढला नाही. दोन्ही बाजूंना शेतं जाऊन नव्या वसाहतींचे लेआउट उठत होते, ते दाखवून "आता याचं पाणी कुठं जाणार सांग बघू? आणि त्याचं?" असं एकेक विचारत राहिले. मी उत्तरं देत राहिले आणि त्या नादात रडायचं राहून गेलं. मला सोडून ते बसने परत आले, हे मला नंतर अक्कांकडून कळलं.

आता माडशीची गोष्ट सांगते. खरं तर मला तीच सांगायची आहे, एवढा वेळ मी स्वतःला आवरून धरलं होतं!

माडशी हे कारवारच्या बाजूचं एक लहान बंदर. गावाचं नाव मी बदललं आहे. अण्णांची तशी ताकीदच आहे, कारण पुढे जी फजिती येते ती गावाची नसून आपली स्वतःची आहे असं त्यांचं म्हणणं. या गावाची सगळी जुनी गटारं थेट खाडीत जात. त्याच खाडीच्या चिखलात ओहोटीला गावच्या बायका तिसऱ्या वेचतात. शिंपल्यातला हा जीव पाण्यात जे असेल ते शोषून घेतो. गटाराचं पाणी वाढलं तसे तिसऱ्यांचे खरेदीदार आधी कुरकुरले आणि मग यायचेच बंद झाले. पावसाळ्यानंतरच्या हंगामात खाडी साफ दिसली तर येऊ, नाहीतर कायमचे दुसऱ्या बंदराला जाऊ, असा त्यांनी निरोप धाडला होता.

गावात भुयारी गटारं घालायची आणि शुद्धीकरण केंद्र बांधायचं, या कामाचे सल्लागार अण्णा होते. पहिल्या गावसभेत आम्ही नकाशे लावून बसलो होतो. पाइपांवर, खणाखणीवर पुष्कळ चर्चा झाली. मग मागून रुक्माबाय उठल्या. तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांच्या त्या म्होरक्या, वयाने अण्णांच्याच आसपासच्या. त्या कोंकणीत म्हणाल्या, "सायबा, नकाशो आमकां कळना. एकच सांग. पावसा आदीं खाडी नितळ जातली काय?"

पावसाच्या आधी खाडी नितळ होईल का? ठेकेदाराने जमिनीकडे पाहिलं. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "होईल."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अण्णा, होईल काय?" तर म्हणाले, "आता बोललो न्हवं? आता करायलाच पाहिजे."

आणि काम कसलं चाललं म्हणता! किनाऱ्याची रेती, हातभर खणलं की पाणी. सिमेंटच्या जुन्या पाइपांच्या सांध्यांतून भरतीला समुद्र आत यायचा. अण्णांनी ते सगळे पाइप बाद केले आणि सांधे वितळवून जोडायचे काळे प्लास्टिकचे पाइप आणले. सांधा जोडला की ते कान लावून बसायचे, हाताने थोपटायचे आणि "भले!" म्हणायचे. मी आयुष्यात इतकी दमले नव्हते आणि इतकी मजाही कधी आली नव्हती. उन्हाळा सरत आला तेव्हा केंद्र बांधून उभं होतं आणि टाक्या तयार होत्या.

आता एकच गोष्ट उरली होती. मैलापाणी साफ करतात ते डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. नव्या टाकीत ते नसतात. आपोआप वाढतात खरे, पण त्याला वेळ लागतो आणि पाऊस तर तोंडावर आला होता. म्हणून चालू असलेल्या केंद्रातला जिवंत गाळ आणून नव्या टाकीत सोडायचा असतो. दुधाला विरजण लावतात तसंच हे, आणि अण्णा त्याला विरजणच म्हणतात. बंगळुरूच्या एका मोठ्या केंद्रातून आम्ही टँकरभर विरजण घेतलं आणि माडशीला निघालो. या जिवाणूंना हवा लागते. बंद टँकरमध्ये ते काही तास तग धरतात, म्हणून वाटेत कुठे थांबायचं नाही आणि पोचल्याबरोबर टाकीत सोडायचं, असा बेत होता.

पोचलो वेळेवर. पण पाहतो तर काय, केंद्राच्या दारात मांडव! केळीचे खांब, रांगोळी, बँड. टँकरला हार घालण्यासाठी शिडी लावून ठेवलेली. नगराध्यक्ष पुढे झाले. ते फार सज्जन गृहस्थ. या योजनेसाठी त्यांनी सरकारदरबारी वर्षानुवर्षं खेटे घातले होते. त्यांनी अण्णांचे दोन्ही हात धरले. "अण्णा, तुम्ही आमच्या गावात गंगा आणलीत! प्रमुख पाहुणे वाटेत आहेत. त्यांच्याच हस्ते व्हॉल्व्ह उघडूया."

"आधी सोडूया, मग सत्कार करूया," अण्णा म्हणाले.

"एवढंच माझं ऐका," वृद्ध नगराध्यक्षांचे डोळे भरून आले होते.

आणि जो माणूस ठेकेदारासमोर झाकणावर मांडी घालून बसला होता, त्याला त्या भरल्या डोळ्यांसमोर नाही म्हणता आलं नाही.

पाहुणे यायला उशीर झाला. आल्यावर आरती झाली. मग शाल, नारळ, फेटा. मग जो तो 'दोनच शब्द' बोलायला उठू लागला. आपल्याकडचे दोन शब्द किती लांब असतात हे वाचकांना सांगायला नको. ऊन तळपत होतं आणि टँकरचा पत्रा हात लावू देत नव्हता. अण्णा शालीत घामाघूम होऊन बसले होते आणि त्यांची नजर त्या टँकरवरून हलत नव्हती.  शेवटी पाहुण्यांनी टाळ्यांच्या गजरात व्हॉल्व्ह फिरवला.

बाहेर आलं ते काळंकुट्ट. चांगलं विरजण तपकिरी असतं, त्याला बागेतल्या ओल्या मातीचा वास येतो. हे मेलेलं होतं, नासक्या अंड्यांसारखं, आणि त्याचा एक फवारा पाहुण्यांच्या खादीवरही गेला. बँड आपोआप थांबला. मांडवात जो तो नाकाला रुमाल लावून वाट काढू लागला. रुक्माबाय मागे उभ्या होत्या. त्यांनी पदर नाकाला लावला आणि शांतपणे विचारलं, "हें आमचे खाडींत सोडतले तुमी?"

अण्णांनी खांद्यावरची शाल काढून घडी केली आणि माइक हातात घेतला. "चूक कोणाची नाही, माझी आहे," ते म्हणाले. "मला नाही म्हणायला पाहिजे होतं. खाडीत यातला थेंब जाणार नाही. मी दुसरं आणतो." त्यांनी तो टँकर तसाच परत पाठवला. नगराध्यक्ष एका खुर्चीवर बसून राहिले. अण्णा जाताना त्यांच्या पाठीवर हात ठेवून आले.

परतीच्या वाटेवर घाट चढल्यावर एका टपरीवर चहाला थांबलो तर अण्णा अचानक म्हणाले, "अगं, बरंच झालं की!" मला वाटलं, उन्हाचा ताप डोक्यात गेला. पण निघण्याआधी त्यांनी टाकीत आलेलं गावचं पाणी मीटर लावून तपासलं होतं. नवे पाइप घट्ट होते, तरी पाणी खारट! का, तर गावचे लोक संडासात विहिरीचं मचूळ पाणी ओततात. नळाचं गोडं पाणी पिण्यापुरतं, हे आम्ही सगळे रोज पाहत होतो आणि कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. "बंगळुरूचे जिवाणू, त्यांनी जन्मात खारं पाणी पाहिलेलं नाही. जिवंत पोचले असते तरी मेले असते! आता त्यांना मिठाची सवय लावूया." चहा तसाच टाकून ते गाडीत जाऊन बसले. त्यांचे डोळे नुसते लकाकत होते.

सवय लावायला जागा हवी होती. जे. पी. नगरला आमच्या सोसायटीचं स्वतःचं छोटं शुद्धीकरण केंद्र, म्हणजे एसटीपी, आहे; मोठ्या सोसायट्यांत ते असतंच. त्याच्या शेजारी वेगळ्या टाक्या ठेवून, तिथल्या यंत्राची हवा त्यांत फिरवून, तिथलंच विरजण वाढवायची परवानगी मी मिळवली. अण्णा रोज सकाळी येत आणि टाक्यांत मूठ मूठ जाडं मीठ टाकत. आदल्या दिवसापेक्षा किंचित जास्त. "एकदम घातलं तर मरतात. तू तरी आल्या आल्या कन्नड बोलायला लागलीस काय? स्वल्प स्वल्पच शिकलीस की!" असं ते मला सांगत.

पण आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेगळंच शिजत होतं. 'एसटीपीजवळ एक अंकल डेली मॉर्निंगला मीठ टाकतात, एनी आयडिया?' असं कोणीतरी लिहिलं. पांढऱ्या सदऱ्यातले म्हातारे गृहस्थ, मुठीत मीठ आणि ओठांत काहीतरी पुटपुटणं. (ते मिठाचं प्रमाण मोजत असत.) दोन दिवसांत सर्वांचं एकमत झालं, की काका सोसायटीची नजर काढतात! त्यावर कन्नड शेजाऱ्यांनीही माना डोलावल्या. शेवटी आमचे सेक्रेटरी, मूळचे नागपूरचे, एका सकाळी अण्णांपुढे अदबीने येऊन उभे राहिले. "काका, आमच्या लिफ्टची पण काढून द्या ना. दर आठवड्याला बंद पडून राहिली हो ती."

अण्णांनी गंभीरपणे विचार केला. "लिफ्टला मीठ चालत नाही," ते म्हणाले. "तेल लागतंय."

खुलासा झाल्यावर हसून हसून पुरेवाट झाली, पण त्यातून भलतंच चांगलं झालं. सगळ्या सोसायटीला त्या टाक्यांचा लळा लागला. आयटीतली मुलं ऑफिसला जाता जाता थांबून "काका, आज कसे आहेत आपले बॅक्टेरिया?" असं विचारू लागली. माडशीचं नाव सगळ्यांना पाठ झालं आणि रुक्माबायचंही. पाऊस केरळात आला की नाही याच्या बातम्या लोक मला आपणहून पाठवत होते. गाळ तपकिरी राहिला, समुद्राकाठच्या त्या मचूळ पाण्याइतका खारट होऊनही जिवंत राहिला, त्या दिवशी कोणीतरी पेढे वाटले.

या खेपेला टँकरवर जनरेटर आणि हवा फिरवायचं यंत्र चढवलं होतं. गावात कोणाला कळवलं नव्हतं, फक्त नगराध्यक्षांना, आणि तेही शपथ घालून. अण्णा ड्रायव्हरशेजारी बसले, अक्कांचा विरोध न जुमानता. मी मागच्या गाडीत होते. सगळं सुरळीत चाललं आणि घाटाच्या तोंडाशी जनरेटर बंद पडला.

ड्रायव्हरने खटपट केली, पण जनरेटर दाद देईना. पलीकडे समुद्राच्या अंगाला आकाश काळं झालेलं दिसत होतं. पुढे घाटात ट्रकांची रांग लागली होती. मला मांडवातला तो काळा फवारा आठवला. अण्णा खाली उतरले, इकडेतिकडे पाहिलं आणि एकदम ओरडले, "अगं, ती बघ हवा!"

रस्त्याच्या कडेला एक पंक्चरचं दुकान होतं. अण्णा जवळजवळ धावतच गेले. दुकानदाराला काही उमगायच्या आत त्याच्या हवेच्या पंपाची लांबलचक नळी आमच्या टँकरच्या तोंडातून आत गेली होती. आत बुडबुडे उठू लागले. दुकानदाराने कानडीत विचारलं, "यात काय, मासे आहेत काय?"

"होय, होय," अण्णा म्हणाले, "पण लई बारीक आहेत!"

त्याने बिचाऱ्याने विश्वास ठेवला. पुढच्या ट्रकच्या टायरचं काम बाजूला ठेवून तो आमच्या माशांना हवा देत बसला. तेवढ्यात ड्रायव्हरला जनरेटरमधला बिघाड सापडला आणि तो सुरू झाला. निघताना अण्णांनी राहवेना म्हणून खरं काय ते सांगितलं आणि बाटलीत गाळ भरून दाखवला. दुकानदाराने वास घेतला, नाक मुरडलं नाही, आणि हवेचे पैसे घ्यायला साफ नकार दिला.

माडशीच्या केंद्राच्या दारात नगराध्यक्ष एकटेच उभे होते. हातात हार नव्हता, त्यांनी लेंगा गुडघ्यांपर्यंत दुमडला होता. टँकर थांबताच त्यांनी स्वतः नळी ओढली आणि "अण्णा, सोडा आधी!" म्हणून ओरडले. व्हॉल्व्ह फिरला. तपकिरी, फेसाळ, जिवंत विरजण धो धो करत टाकीत पडलं. आणि वास? ओल्या मातीचा! मी चक्क उड्या मारल्या. अण्णा आणि नगराध्यक्ष, दोघंही म्हातारे, एकमेकांना मिठी मारून उभे होते. बातमी कशी पोचली कोण जाणे, कठड्याशी रुक्माबाय आणि आणखी बायका आल्या होत्या. रुक्माबाय वाकल्या, लांब श्वास घेतला. या वेळी पदर खांद्यावरच होता.

पुढचे काही दिवस अण्णा तिथेच मुक्कामाला राहिले. रोज सकाळी केंद्रातून बाहेर पडणारं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन ते उजेडात धरायचे. गढूळ, मग कमी गढूळ, मग एका सकाळी त्या पेल्यापलीकडचे माड स्पष्ट दिसले. त्याच आठवड्यात खाडीत उघडणारी जुन्या गटारांची तोंडं विटांनी बंद केली गेली. शेवटच्या तोंडावर सिमेंटचा हात फिरला आणि पाऊस आला, तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

खाडी स्वतःला धुऊन काढते, पण तिला वेळ द्यावा लागतो. पावसाळा उलटल्यावर खरेदीदार आले, तिसऱ्या तपासायला घेऊन गेले आणि काही बोलले नाहीत. मग पुन्हा आले. माडशीची खबर मी अण्णांना रोज विचारून भंडावत असे, पण तिसऱ्यांच्या बाबतीत ते इतकंच म्हणत, "चिखलातलं आपल्याला काय कळतंय? त्यांना कळेल तेव्हा सांगतील."

आता आपल्या इथल्या मराठी मंडळाने अण्णांच्या अमृतमहोत्सवाचा सोहळा ठरवला. सत्काराचं नाव काढलं की अण्णांच्या कपाळाला आठी पडते, का ते आता वाचकांना कळलं असेल. फार मनधरणीनंतर ते तयार झाले. त्यांच्या हातात मानपत्र कोणी द्यावं असा प्रश्न निघाला तेव्हा मी एका क्षणात रुक्माबायचं नाव सुचवलं. सर्वांनी ते उचलून धरलं. येण्याजाण्याची, राहण्याची व्यवस्था झाली. मी मोठ्या उत्साहाने त्यांना फोन केला. मागे बायकांचा कलकलाट ऐकू येत होता, गाडीचा हॉर्न वाजत होता. रुक्माबायनी सगळं ऐकून घेतलं, तारीख विचारली, कोणाला तरी तिथी विचारली.

"ना गो बाय," त्या म्हणाल्या. "त्या दिसा सकाळीं मोठी सुकती आसा. आमी सगळ्यो खाडींत आसतल्यों. घेवपी गाडी घेवन बसतले. आमकां येवंक जमचें ना. सायबाक सांग, रागार जावं नाका."

सुकती म्हणजे ओहोटी. खरेदीदार गाडी घेऊन काठावर थांबणार आणि बायकांना यायला सवड नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी हे अण्णांना चाचरत सांगितलं. वाटलं, मनाला लागेल.  अण्णा खुर्चीतून ताडकन उठले, फोन उचलला आणि घरी अक्कांना ओरडून सांगू लागले, "अगं, ऐकलंस काय? त्या येणार नाहीत! त्यांना वेळच नाही! एकीलाही नाही!" तो पंचाहत्तर वर्षांचा माणूस खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालत ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि डोळे पुसत होता.

अण्णा, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. अक्कांची सोबत, कॉफीची चव आणि रस्त्यात वाकून पाहायला लागणारे गुडघे असेच शाबूत राहोत. तुमच्या शंभरीचा सोहळाही आम्ही याच शहरात करू, आणि तेव्हाही मी माडशीला आमंत्रणाचा फोन करीन. तेव्हाही तिथल्या बायकांना यायला सवड न मिळो.